इशूला घेऊन एजंटबाईंकडे

लोक युरोप, जपान करून येतात आणि मग प्रवासवर्णन लिहितात. मी नाशिकच्या अंबडहून पिंपळगाव बसवंतला गेलो, तिथून वणीच्या गडावर, गडावरून नाशिकला आणि परत पिंपळगावला. तीन दिवसांचा प्रवास, तोही माझ्या जुन्या गाडीतून, जिची डावीकडची काच एकदा खाली गेली की दोन्ही हातांनी वर ओढावी लागते. पासपोर्ट लागला नाही. तरी लिहायला बसलोय, कारण आमच्या ओळखीपाळखीत मुलीला अभिनयाच्या एजंटकडे नेणारा मी पहिलाच. आमच्याकडे एजंट म्हणजे विम्याचा, प्लॉटचा, नाहीतर लायसन्स काढून देणारा. पुढेमागे तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आलीच, तर माझ्या हातून काय झालं ते ठाऊक असलेलं बरं.

मुलगी माझी भाची, ईश्वरी. आम्ही इशू म्हणतो. अकरा वर्षांची. तिची आई नंदा, माझी धाकटी बहीण, पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायची. एका हातात घड, दुसऱ्या हातात बारीक कात्री, आणि तोंड अखंड चालू. नंदा द्राक्षांशी बोलायची. खराब मणी दिसला की त्याला झापायची, चांगल्या घडाला निरोप द्यायची. बाकीच्या बायका हसून हसून काम करायच्या. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत नंदा गेली.

डिसेंबरात घरातल्याच एका लग्नाच्या हळदीत इशूने आईची नक्कल केली. केळीच्या पानावर द्राक्षांचा घड ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि सुरू झाली:

"आगं ए, तुला काय झालं माजायला? बाकीच्या बघ कशा गुमान बसल्या. तू एकली नासली आन् समद्यांला नासवू ऱ्हायली. उतर खाली." मग चांगला घड उचलून, तोंडाजवळ नेऊन, "तू जाय बाई परदेशात. आमचं काय, आमी हितंच. तिकडं कोनी इचारलं तं सांग, पिंपळगावच्या नंदीनं धाडलं."

कुणीतरी ते फोनवर टिपलं. मी स्वयंपाकघरात भजी तळणाऱ्याला उगाच सल्ला देत होतो. बाहेरून आवाज आला आणि माझ्या हातातली बशी तशीच राहिली, कारण बाहेर नंदा बोलत होती.

तो व्हिडिओ फिरत फिरत मुंबईच्या एका एजंटबाईंकडे गेला. त्यांनी दाजींना, म्हणजे इशूच्या वडिलांना, फोन केला. द्राक्षाच्या मळ्यातल्या एका कुटुंबावर मालिका येणार आहे, तिच्यासाठी आम्ही मुली बघतोय, फेब्रुवारीत नाशिकला येऊ तेव्हा हिला घेऊन या. मुलगी आवडली तर आमच्याकडे नाव नोंदवू आणि पुढची कामंही आम्हीच बघू. दाजी कोल्ड स्टोरेजचा टेम्पो चालवतात, बोलणं कमी. त्यांनी मला फोन केला. "तुमी बघा बुवा. तुम्हाला त्यातलं कळतं."

मला त्यातलं काय कळतं, तर कंपनीच्या गणेशोत्सवात एकदा मी हवालदार झालो होतो. "साहेब, गाडी आली," एवढं एकच वाक्य. तेही मी गाडीच्या आवाजाच्या आधी म्हणून टाकलं. पण घरात तेवढा अनुभव दुसऱ्या कुणालाच नव्हता.

मी लगेच कामाला लागलो. टीव्हीवर जायचं म्हणजे आधी भाषा शुद्ध हवी, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सतराव्या वर्षी मी गावाकडून अंबडच्या कारखान्यात लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी सुपरवायझरला म्हणालो होतो, "साहेब, मी येऊ ऱ्हायलो." सगळं खातं हसलं आणि पुढे वर्षभर माझं नावच 'ऱ्हायलो' पडलं. त्या वर्षात मी जे बोलणं घासून काढलं, ते पुन्हा उगवू दिलं नाही. इशूच्या वाट्याला ते हसणं येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

सहा आठवडे, रोज संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर शिकवणी. पद्धत माझीच. चूक झाली की थांबायचं, हसायचं, आणि "परत म्हण, तीन वेळा."

शुक्रवार, पिंपळगाव

अर्धी रजा टाकून निघालो. ओझर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात, आणि फेब्रुवारीत तर हवेलाही गोडसर आंबूस वास असतो. पिंपळगावात शिरताना कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे बराच वेळ अडकलो. काच खाली होती. ती वर घेईपर्यंत अंगावर कांद्याची पुष्कळ सालं आली होती.

इशू शाळा सुटल्यावर पॅकहाऊसवर थांबते, दाजींचा टेम्पो येईपर्यंत. आत गारठा, बायकांच्या डोक्याला पांढऱ्या जाळ्या, समोर घडांचे ढीग आणि प्लॅस्टिकच्या डब्यांच्या रांगा. नंदाची जागा खिडकीजवळची होती. तिथे आता हिराबाई बसतात.

"या मामा," हिराबाई म्हणाल्या. "आमची नंदी घेऊन चाल्ले म्हने मुंबईला."

"मुंबईला नाही, नाशिकला," मी म्हणालो.

"तेच ते. आमच्यासाठी तं दोनी लांब." त्यांनी इशूला जवळ ओढलं. त्या सगळ्या इशूला नंदीच म्हणतात. "ए नंदे, जायच्या आदी एकदा म्हन ना आईचं. लय दीस झाले ऐकून."

इशूने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नको. परवा ऑडिशन आहे, घसा जपायचाय."

"घसा?" हिराबाई बाकीच्यांकडे वळल्या. "नंदीला कदी घसा व्हता का गं?" सगळ्या हसल्या, पण कात्र्या चालूच राहिल्या. इशू त्यांना म्हणाली, "मावशी, मी आल्यावर नक्की म्हणून दाखवेन." हिराबाईंची कात्री क्षणभर थांबली. मग त्या घड फिरवून पुढची बाजू बघू लागल्या.

मला मात्र अभिमान वाटला. 'म्हणून दाखवेन'. सहा आठवड्यांत.

जेवायला दाजींच्या वहिनींनी बाजरीची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा केला होता. माझ्या सिडकोतल्या घरी ठेचा वाटीच्या कडेला शोभेपुरता असतो, तिथे तो मुख्य पदार्थ. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, "मामा शहरातले झाले."

दाजी इशूचं बोलणं ऐकत होते. ती मला विचारत होती, "मामा, तुम्हाला आणखी ताक हवंय का?" आधी ती मला 'तू' म्हणायची.

हात धुताना दाजी हळूच म्हणाले, "लय बदलली."

"सुधारली," मी म्हणालो.

"हां. सुधारली." टॉवेल माझ्या हातात देत ते म्हणाले, "तिच्या आईवानी बोलायची. तेवढं ऱ्हाऊ दिलं आसतं तरी..." मग स्वतःच थांबले. "जाऊ द्या. तुम्हाला कळतं त्यातलं."

मी टॉवेल नीट घडी करून ठेवला. त्या वेळी मला वाटलं, बिचाऱ्यांना शहराची कल्पना नाही.

शनिवार, गड

दाजींची एकच अट होती, आधी देवीला जाऊन यायचं. नंदा दर वर्षी चैत्रात गडावर चालत जायची. आम्ही वणीमार्गे गाडीने निघालो. वणीत मिसळ खाल्ली. नाशिकच्या मिसळीसोबत पापड आणि दही येतं, इथे नुसती तर्री आणि कांदा. ठेच्याने आधीच हरलेला असल्यामुळे मी दही मागितलं. दुकानदाराने शेजारच्या दुकानातून ते आणून दिलं, पण माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघून. घाटाच्या पायथ्याला बायका टोपल्यांमधून स्ट्रॉबेरी विकत होत्या. इशूने एक द्रोण घेतला, मांडीवर ठेवला आणि वर पोचेपर्यंत एकही खाल्ली नाही. देवीला आधी.

गाडीत मी तिला विचारलं, "तुला खरंच यायचंय ना? मामाने सांगितलं म्हणून नाही ना?"

"आईला हवं होतं," ती म्हणाली. "मी पॅकहाऊसमध्ये नकला केल्या की आई म्हणायची, तुला टीव्हीतच द्यायला हवं."

नंदा 'हवं' म्हणाली नसणार. पण मला ते तेव्हा खटकलं नाही.

तुम्ही गडावर गेला नसाल तर सांगतो. देवी प्रचंड आहे, शेंदरी, अठरा हातांची, आणि मान एका बाजूला जराशी कललेली. कुणाचं तरी म्हणणं ऐकतेय, असं म्हणतात. मी लहानपणी आईच्या कडेवरून बघितली, तेव्हा मला ती माझंच ऐकतेय असं वाटलं होतं. त्या दिवशी इशूलाही बहुधा तसंच वाटलं. गर्दी फार नव्हती. तिने स्ट्रॉबेरीचा द्रोण पुढे केला, डोळे मिटले आणि पुटपुटली, "आई, मला घेतलं पायजे बघ त्यांनी. लय आस लावली म्या."

मी मागेच उभा होतो. सवयीने हसलो आणि तिच्या कानाशी म्हणालो, "पाहिजे. खूप आशा लावली आहे मी. परत म्हण, तीन वेळा."

तिने डोळे उघडले नाहीत. तीन वेळा, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून देवीला सांगितलं. पुजाऱ्याने कौतुकाने मान हलवली आणि तिच्या हातावर जरा जास्त प्रसाद ठेवला.

नंदाचं बोलणं इशूच्या तोंडून मी शेवटचं ऐकलं ते तिथे.

उतरताना एक गोष्ट आठवत होती, जी मी सहसा आठवू देत नाही. सिडकोत घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला कंपनीतले साहेब येणार होते. सकाळीच मी नंदाला बाजूला घेऊन म्हणालो होतो, "आज जरा कमी बोल." ती दिवसभर गप्प राहिली. पंगतीत वाढलं, भांडी घासली. निघताना दारात मला म्हणाली, "दाद्या, बोल्ले का रे मी जास्ती?" मी म्हणालो, नाही, छान झालं. ते मी खरंच समाधानाने म्हणालो होतो.

रविवार, नाशिक

ऑडिशन एका नृत्याच्या क्लासमध्ये होतं, कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला. भिंतीवर आरसे, त्यातली एक भिंत पांढऱ्या कापडाने झाकलेली. समोर तीन पायांच्या स्टँडवर फोन आणि गोल दिवा. मुलं आणि आया दाटीवाटीने बसलेल्या, प्रत्येकीकडे फोटोंची फाइल. माझ्याकडे इशूचा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो मोठा करून घेतलेला होता, ज्यात तिचा एक डोळा मिटलेला आहे.

एजंटबाई चाळिशीच्या, घसा बसलेल्या, हातात आल्याचा चहा. मला वाटलं होतं तशा अजिबात नव्हत्या. आमची पाळी आल्यावर उठून उभ्या राहिल्या आणि इशूला म्हणाल्या, "तुझा व्हिडिओ मी माझ्या आईला दाखवला. आम्ही दोघी रडलो."

मग नेहमीचं झालं. नाव, वय, उंची सांगायची. उजवीकडे वळ, डावीकडे वळ, दोन्ही हात दाखव. इशूने सगळं न चुकता केलं. हात दाखवताना नखांत द्राक्षाचा चिकटा अडकलेला दिसला. एजंटबाई तो बघून हसल्या.

"आता ते द्राक्षांचं कर."

मी पिशवीतून घड काढून दिला. इशूने ओढणी खोचली आणि सुरुवात केली.

"अगं, तुला काय झालं आहे? बाकीच्या पाहा, किती शांतपणे बसल्या आहेत. तू एकटी खराब झालीस आणि सगळ्यांना खराब करते आहेस." घड तोंडाशी नेला. "तू जा परदेशात. आमचं काय, आम्ही इथेच आहोत. तिकडे कोणी विचारलं तर सांग, पिंपळगावच्या नंदाने पाठवलं आहे."

एकही चूक नाही. पण तो आवाज मला ओळखीचा वाटला. वाक्याच्या शेवटी जरा वर जाणारा, मध्येच घसा साफ करणारा. इशूने नक्कल अचूक केली होती. नक्कल माझी होती.

एजंटबाईंनी फोन बंद केला नाही. "छान. आता व्हिडिओतल्यासारखं कर."

"ते चुकीचं होतं," इशू म्हणाली. "मामांनी दुरुस्त केलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "काका, असं नीट बोलणारी मुलं माझ्याकडे पुष्कळ आहेत. मी त्या आवाजासाठी एवढ्या लांब आले."

"येईल की," मी म्हणालो. "इशू, कर ना. आईसारखं."

तिने प्रयत्न केला. "आगं ए..." थांबली. "आगं, तुला काय झालं..." पुन्हा थांबली. डोळे मिटले, ओढणीची गाठ घट्ट केली. दोन शब्द गावचे यायचे आणि तिसऱ्यापाशी माझं बोट धरल्यासारखी ती सरळ रस्त्यावर यायची. मग तिने मला विचारलं, अगदी साधं विचारावं तसं, "मामा, आई कशी म्हणायची?"

मी उभा राहिलो. नंदाच्या बरोबरीने वाढलो होतो, एका ताटात जेवलो होतो. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते कंपनीच्या नाटकातल्या गावंढळ माणसाचं बोलणं. तोंड वाकडं, आवाज मोठा, प्रत्येक शब्दाला झोका. कोपऱ्यातली दोन मुलं खुदकन हसली. त्यांना हसूच यायला हवं होतं, आमच्या कंपनीत ते नाटकात हसवायलाच वापरायचे.

इशू हसली नाही. "आई असं नव्हती बोलत, मामा," ती म्हणाली.

एजंटबाईंनी व्हिडिओ लावून दाखवला, तिला आठवावं म्हणून. पडद्यावर इशू दणदणीत बोलत होती. समोरची इशू तो वर्गातल्या दुसऱ्या मुलीचा धडा ऐकावा तसा लक्ष देऊन ऐकत होती. तिने तो दोनदा ऐकला, दोनदा म्हणून बघितला. शब्द सगळे आले. हिराबाईंना ज्याच्यासाठी काम थांबवून ऐकावंसं वाटायचं, ते आलं नाही.

बाहेर सोडायला बाई दारापर्यंत आल्या. "घाई करू नका. परत आलं तर मला पाठवा," म्हणाल्या. इशूच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाऊन पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

रविवारीच, परत पिंपळगाव

आडगावपाशी गाडी हळू केली. मी आइस्क्रीमचं विचारलं, ती नको म्हणाली. ओझरच्या पुढे तिने काच खाली केली, मग स्वतःच दोन्ही हातांनी ओढून वर घेतली.

"माझं चुकलं का, मामा?"

"नाही. माझं चुकलं."

"पण तुम्ही सांगितलं तसंच मी बोलले."

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच."

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. ती बाहेरचे मांडव बघत राहिली.

हंगामात पॅकहाऊसला रविवार नसतो. हिराबाई जाळी काढत दारात आल्या. "काय गं, झाली का टीव्हीतली?"

"नाही मावशी. त्यांना वेगळी मुलगी हवी होती," इशू म्हणाली. "पण खूप छान अनुभव होता." हे मी गाडीत तिला शिकवलं नव्हतं. ते तिने आपलं आपण, माझ्यासारखं, जुळवलं होतं.

"बरं बरं," हिराबाई म्हणाल्या. हातातली जाळी झटकली. "बसा, मॅडम."

थट्टेनेच म्हणाल्या, बायका हसल्याही. पण नंदी म्हणाल्या नाहीत.

दाजींना मी सगळं सांगितलं, माझ्या त्या नाटकी नकलेसकट. ते टेम्पोच्या चाकाकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, आता बोलतील, बोलायलाच हवं. ते म्हणाले, "तुमी तिच्या भल्याचंच केलं." मी निघालो तेव्हा इशू दारात आली. "सावकाश जा, मामा. पोहोचल्यावर फोन करा." नंदा याच दारात उभी राहून मला काय म्हणायची, ते मी महामार्गावर म्हणून बघत होतो. "नीट जाय रे दाद्या." शब्द आहेत माझ्याकडे. ओझर आलं, आडगाव आलं, नाशिकचा द्वारका चौक आला.

त्याला महिना झाला. आता मी रोज संध्याकाळी तिला फोन करतो, पण शिकवायला नाही. ठरवून आमचं जुनं बोलतो. जीभ वळत नाही, तरी बोलतो. तिच्या कानावर पडावं, एवढीच आशा आहे. काल फोन लावला आणि म्हणालो, "काय करू ऱ्हायली गं, इशू?"

पलीकडे ती जरा थांबली. मग हसली, मायेने, मी हसायचो तशीच.

"काय करते आहेस," ती म्हणाली. "परत म्हणा, मामा. तीन वेळा."

मी म्हटलं. तिन्ही वेळा मला ते अगदी बरोबर आलं.